कुठूनही उघडणारं ऑफिस

आमच्या कारखान्यात दिवसभर कापसाचं तूस उडत असतं. ते कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण संध्याकाळी झाडू मारायला गेलं की कोपऱ्यात ढीग सापडतो. ऑफिसातल्या किस्स्यांचंही तसंच आहे. घडतं तेव्हा प्रत्येकजण वैतागलेला असतो. मग कधीतरी चहाला चारजण बसतात, एकजण "ते आठवतंय का," म्हणतो, आणि तासभर कुणी जागचं हलत नाही.

मी लता. सोलापुरात टॉवेल आणि चादरी बनवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरची सिस्टिम सांभाळते. पूर्वी आमची ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅच, हजेरी, रजा ही सगळी कामं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच व्हायची. लॉकडाऊनमध्ये ऑफिसला कुलूप लागलं आणि कामं कुलपाच्या आत राहिली. पुन्हा सुरू झालं तेव्हा धाकटे मालक मला म्हणाले, "मॅडम, परत असं व्हायला नको. माणूस कुठंही असू दे, हाताला लागेल त्याच्यावरून ऑफिस उघडता आलं पाहिजे."

मी तशी सोय केली. पासवर्ड टाकायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा, की ऑफिस समोर. तांत्रिक भाग इथंच संपला. पुढचं सगळं माणसांनी केलं.

*

पहिल्याच दिवशी मी नोटीस लावली. "आजपासून ऑफिसचे काम कोणत्याही डिव्हाइसवरून करता येईल."

दुपारी मोठ्या मालकांचा फोन आला. मोठे मालक म्हणजे धाकट्या मालकांचे वडील. एका मागावर धंदा सुरू केलेला माणूस. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरीच असतात, पण कारखान्यात पाल चुकचुकली तरी त्यांना कळतं.

"लता, कोणत्याही म्हणजे कोणत्याही?"

"हो मालक."

"माझ्या फोनवरून?"

त्यांचा फोन मला माहीत होता. बटणांचा, डोक्यावर बॅटरी असलेला. मी म्हटलं, "त्याच्यावरून नाही होणार, मालक."

"मग नोटीस खोटी आहे. माझ्या कारखान्यात खोटी नोटीस लावायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी नवी नोटीस लावली. "मोठ्या मालकांचा फोन सोडून कोणत्याही डिव्हाइसवरून करता येईल." ती त्यांनी फोनवर वाचून घेतली आणि म्हणाले, "आता बरोबर."

*

पण नोटिशीत आपलं नाव असं आल्याचं त्यांच्या मनाला लागलं असावं. महिन्याभरात त्यांनी मुलाकडून मोठ्या पडद्याचा टॅब घेतला. मी घरी जाऊन त्यांना शिकवलं. शेडमधला माग चालू असला की टॅबवर हिरवा ठिपका, बंद पडला की लाल. त्यांनी ते ठिपके बराच वेळ बघितले.

"हिरवं दिसतंय. पण ऐकू कुठं येतंय?"

मी समजावलं, की माग चालू आहे हे कळणं महत्त्वाचं. ते म्हणाले, "पोरी, मी जन्मभर माग कानानं बघितलाय."

मग मी शेडमधल्या कॅमेऱ्याचा आवाज त्यांच्या टॅबला जोडून दिला. खडाक-खट, खडाक-खट सुरू झालं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की घरातली सगळी बघतच राहिली. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की टॅब उशाशी ठेवून ते झोपायला लागले. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, की कित्येक वर्षांत मामंजींना इतकी गाढ झोप लागली नव्हती.

अडचण आली ती साप्ताहिक सुट्टीला. माग बंद, आवाज बंद. दुपारी मला फोन. "लता, डोळा लागत नाही गं."

मी एक युक्ती केली. मधल्या वारी चांगला तासाभराचा आवाज रेकॉर्ड केला आणि पुढच्या सुट्टीला टॅबवर सुरू होईल असं करून ठेवलं. त्या दुपारी मी निवांत होते. इतक्यात मोठ्या मालकांचा फोन आला. आवाज एकदम चढलेला.

"लता, सुट्टीच्या दिवशी माग कोण चालवतंय? कामगारांना घरदार आहे का नाही?"

*

आमच्या क्वालिटी विभागात सिद्धाराम आहे. राहतो अक्कलकोटला, रोज येऊन-जाऊन करतो. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाईत असला की दोन्ही एकदम. त्याला पासवर्ड कधीच लक्षात राहायचा नाही. शेवटी मी त्याच्या फोनवर चेहरा दाखवला की सिस्टिम उघडेल अशी व्यवस्था करून दिली. तो खूश, मी खूश.

पुढे तो घरच्यांबरोबर तिरुपतीला गेला. परत आला त्या सकाळी आमच्याकडे बाहेरचे तपासनीस येऊन बसले होते. त्यांना हवा असलेला रिपोर्ट सिद्धारामच्या नावावर होता आणि तो मंजूर केल्याशिवाय माल पुढं सरकणार नव्हता. मी त्याला फोन लावत होते. लागत नव्हता.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गुळगुळीत डोक्याचा, मिशी नसलेला एक गृहस्थ. मी म्हटलं, "काका, राँग नंबर."

"मॅडम, मी सिद्धाराम. बायकोच्या फोनवरून बोलतोय."

देवाला त्यानं केस दिले होते आणि घाईत मिशीही देऊन टाकली होती. फोननं त्याला ओळखायला साफ नकार दिला होता. वारंवार तोंड दाखवल्यामुळे आता सिस्टिमही लॉक झाली होती. ती मीच उघडू शकत होते, पण समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय उघडायची नाही, असा नियम होता. नियम माझाच. आणि खरं सांगायचं, तर माझीही खात्री पटेना. मी म्हटलं, "घरात कुणी मोठं आहे का? त्यांना दे."

त्याची आई आली. मी विचारलं, "आई, हा सिद्धारामच आहे ना?"

आईंनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "नंगू गुर्त सिगलिल्ला," म्हणाल्या, आणि लगेच माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "मलाबी वळकू आला न्हाय बगा. पर आल्या आल्या चहात दोनदा साकर मागितली. म्हंजे आमचाच हाय."

मी सिस्टिम उघडून दिली.

*

इरफानभाई डिस्पॅच बघतात. गाडी भरून निघाली, की तिची नोंद त्यांनी मोबाईलवरून करायची. पहिल्या आठवड्यातच ते माझ्याकडे आले आणि आपली बोटं टेबलावर ठेवली.

"मॅडम, मेरे उंगल्यां देखो. एक दबाया तो तीन दबते."

बोटं खरोखरच तशी होती. मी त्यांना बोलून टाइप करायला शिकवलं. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. फोनची भाषा इंग्रजी असल्यामुळे अक्षरं इंग्रजी उमटायची, पण इरफानभाईंना त्याचं काही नव्हतं. गोडाऊनमध्ये उभं राहून ते फोनशी असं बोलायचे, जणू पलीकडे सख्खा भाऊ आहे.

आम्हाला माहीत नव्हतं ते एवढंच, की शेरा लिहायच्या जागेत ते जे बोलत होते, ते सिस्टिम मालाच्या मेलबरोबर परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवत होती.

एक दिवस युरोपातल्या एका बाईंचा मेल आला. नवं गिऱ्हाईक, पहिलीच ऑर्डर. धाकट्या मालकांनी श्वास रोखून तो उघडला. बाईंनी लिहिलं होतं, की माल निघाल्याचं कळलं, आभार. तुमच्याकडे 'टेन्शन मॅट' नावाची एक नवी मॅट दिसते. लेना या तुमच्या डिझायनर आहेत का? नमुना बघायला आवडेल.

कुणाला काही कळेना. आमच्याकडे लेना नव्हती आणि तसली मॅटही नव्हती. शेवटी मी गाडीची नोंद काढली आणि इरफानभाईंना बोलावलं. ते म्हणाले, "मैं तो इत्ताच बोल्या, माल निकल गया, टेन्शन मत लेना."

ऑफिसात हसण्याचा जो स्फोट झाला तो शेडपर्यंत ऐकू गेला. इरफानभाई बिचारे आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. सगळ्यात आधी हसायचे थांबले ते धाकटे मालक.

"हसताय काय? बाईंनी सॅम्पल मागितलंय."

मग सिद्धारामनं आणि डिझाइनवाल्यांनी मिळून न्हाणीघरात पायाखाली घालायची एक जाडजूड, मऊ मॅट बनवली. पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतावा अशी. बाईंना ती पसंत पडली. आजही आमच्या कॅटलॉगमध्ये ती त्याच नावानं आहे आणि चांगली खपते.

त्या बाई मनानं फार चांगल्या. नवीन वर्षाला न चुकता लेनाच्या नावानं शुभेच्छांचं कार्ड पाठवतात. त्यांना खरं सांगायचं धाडस आमच्यात कुणालाच झालं नाही. कार्ड इरफानभाई घरी नेतात. पहिलं कार्ड नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते जरा गप्प होते. मी कारण विचारलं.

"घरवाली पूछ रई, ये लेना कौन है?"

*

एक किस्सा माझ्याही वाट्याला आला.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सांगोल्याजवळच्या एका गावात शाळेत मुख्याध्यापक आहे. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती म्हणून मी रविवारी तिकडे गेले. लॅपटॉप मुद्दाम घेतला नाही. एक दिवस तरी सिस्टिमशिवाय काढायचा, असं ठरवलं होतं. आणि त्याच दिवशी, पाहुण्यांना पाणी देताना, माझा फोन पिंपात पडला.

तो बाहेर काढून पुसतेय, तोवर दादाच्या फोनवर धाकट्या मालकांचा फोन आला. बंदरावर आमचा कंटेनर उभा होता. सिस्टिममधला एक कागद अडकला होता आणि तो मी सोडवल्याशिवाय कंटेनर आत घेणार नव्हते. दुपारपर्यंत झालं नाही, तर जहाज जाणार.

माझं सिमकार्ड वहिनीच्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. ओटीपी तरी येणार होता. पण उघडायचं कशावर? पाहुण्यांच्या मोबाईलवर तो कागद नीट दिसेना. दादाच्या फोनची काच अशी तडकली होती, की त्यावर फक्त बोलता यायचं. दादा म्हणाला, "शाळेत चल."

शाळेत नवा डिजिटल फळा बसवलेला होता. दादानं वर्ग उघडला, फळा सुरू केला आणि मी ओटीपी टाकून त्याच्यावर ऑफिस उघडलं. आमच्या सिस्टिममधली अक्षरं मी जन्मात इतकी मोठी बघितली नव्हती. एकेक शब्द हाताएवढा. मी भराभर पुढं जात होते. दादा हाताची घडी घालून मागं उभा होता.

"थांब. हे कुणी लिहिलंय?"

"काय?"

"स्विकारा. वि ऱ्हस्व. आणि ते, माहीती. आणि खाली, अपुर्ण."

मराठी बटणं मीच बनवली होती. मी म्हटलं, "दादा, ते नंतर बघू. आधी मला हे बटण दाबू दे."

दादा फळा आणि मी यांच्या मधे येऊन उभा राहिला. वर्गात त्याला माणूस कोण आहे हे दिसत नाही. "ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं बटण माझ्या शाळेत दाबायचं नाही."

"अरे, जहाज चुकेल."

"जहाज दुसरं मिळतं."

तेवढ्यात वहिनी घरी राहिलेला दादाचा फोन हातात धरून धापा टाकत दारात आली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दादाकडे.

"आवो, दाबू द्या की तिला. तितं मालक ताटकळलाय, हितं पुरणाचा सैपाक गार व्हायलाय."

पुरणापुढं दादाचं काही चालत नाही. तो बाजूला झाला, मी बटण दाबलं. कंटेनर आत गेला, जहाज मिळालं, आम्ही पोटभर जेवलो. मला वाटलं, संपलं.

सोमवारी ऑफिसच्या मेलवर एक फोटो आला. डिजिटल फळ्यावर आमची सिस्टिम, आणि तिच्यावर जागोजाग लाल गोल. खाली दादाच्या वळणदार अक्षरात शेरा होता. "हुशार आहे, पण शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष. सुधारून पुन्हा सादर करावे. पालकांची सही आणावी."

मी फोटोची प्रिंट काढून धाकट्या मालकांपुढे ठेवली. त्यांनी शेरा वाचला. खिशातून पेन काढलं आणि मुकाट्यानं सही केली.

*

दत्ता आमच्या मार्केटिंगमधला. मूळचा सांगोल्याकडचा, घरी शेरडं-मेंढरं आहेत. बायको रूपाली, सासरवाडी मंद्रूप. मेहुणीच्या बाळाच्या बारशाला तो सासरी गेला होता आणि नेमकं त्याच दुपारी एका गिऱ्हाइकानं ऑर्डरचे आकडे बदलले. संध्याकाळच्या आत पक्कं करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो, असा निरोप आला. दत्तानं मोबाईलवर तो तक्ता उघडून बघितला. आडवा धरला, उभा धरला. कसाही धरला तरी निम्मा बाहेर.

सासरेबुवांनी नुकताच भिंतभर टीव्ही घेतला होता, इंटरनेटवाला. ते म्हणाले, "ह्याच्यावर बगा की. आमी काय शोभेला घेटलाय व्हय?"

दत्तानं टीव्हीवर ऑफिस उघडायला घेतलं. टीव्हीवर टाइप करायचं म्हणजे रिमोटचा बाण दाबत दाबत एकेका अक्षरावर जायचं. बारशाला आलेली मंडळी जेवून हॉलमध्येच बसली होती. जावयाचं ऑफिस बघायला मिळतंय म्हटल्यावर सगळी पुढं सरकली. दत्ता पासवर्डाला आला. पासवर्ड सिस्टिम ठिपक्यांत दाखवते, पण रिमोटचा चौकोन कुठल्या अक्षरावर थांबतो ते अख्ख्या हॉलला दिसत होतं. मेहुणा मोठ्यानं वाचायला लागला.

"यस... यू... यल... टी... ए... यन..."

"सुलतान," कुणीतरी जोडून सांगितलं.

रूपालीनं हातातला पाळण्याचा दोर सोडला. सासूबाईंनी विचारलं, "सुलतान कोन वो, जावयबापू?"

"बोकड हाय. आमच्या घरचा," दत्ता म्हणाला.

सासरेबुवांनी चष्मा काढला. "लग्नाला इतकी वर्सं झाली, आन पासवर्ड बोकडाचा?"

दत्तानं खाली मान घालून आधी ऑर्डर पक्की केली. तेवढं भान त्यानं ठेवलं म्हणून आज तो मार्केटिंगमध्ये आहे. ऑर्डर गेली, गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, आणि मग रूपाली म्हणाली, "आता बदला."

सगळ्यांसमोर त्यानं पासवर्ड बदलायला घेतला आणि रूपालीचं नाव टाकलं. टीव्हीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी आली. "पासवर्ड कमकुवत आहे."

मला फोन आला तो यानंतर. दत्ता दबक्या आवाजात बोलत होता. "मॅडम, ती लाल पट्टी तेवढी काडा. काय बी करा."

मागून रूपालीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "बोकड चालतंय, आन मी कमकुवत?"

मी तिला फोन द्यायला सांगितलं. समजावलं, की तसं नाही, सुलतानच्या नावापुढं आकडे आणि चिन्हं होती, म्हणून तो चालला. नुसतं नाव कुणाचंही चालत नाही. तिनं ऐकून घेतलं. लग्नाची तारीख जोडून बघितली. पट्टी पिवळी झाली. "मध्यम." ते तिला आणखीनच लागलं. मग तिनं रिमोट स्वतःच्या हातात घेतला, सगळ्यांना तोंड फिरवून बसायला लावलं आणि बराच वेळ काय काय दाबत राहिली. शेवटी पट्टी हिरवीगार झाली. "अतिशय मजबूत." हॉलमध्ये टाळ्या पडल्या म्हणे.

तो पासवर्ड दत्ताला अजून माहीत नाही. सकाळी ऑफिसला निघण्याआधी रूपाली त्याचा फोन घेते, लॉग-इन करून देते आणि मगच डबा हातात देते. नियमाप्रमाणे हे मी बंद करायला हवं. मी एकदा विषय काढला. दत्ता म्हणाला, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. सकाळी भांडण झालं तर मला दिवसभर सुट्टी मिळती."

*

आणि अण्णा.

अण्णा आमचे अकाउंट्सचे प्रमुख. विणकर घराण्यातले, घरात तेलुगू, हिशेबात इंग्रजी, रागावले की सोलापुरी मराठी. मोठ्या मालकांच्या काळापासून आहेत. अण्णा रजा घेत नाहीत आणि दुसऱ्यानं मागितली, तर त्यांना ती वैयक्तिक दुःखासारखी वाटते. महिनाअखेर असेल, तर अकाउंट्समधली पोरं लग्नाची तारीखसुद्धा अण्णांना विचारून काढतात.

एका महिनाअखेरीला अण्णा टेबलावर बसल्या बसल्या घामानं भिजले. छातीवर हात ठेवला आणि खुर्चीतच कलले. इरफानभाईंनी त्यांना उचलून स्वतः गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आम्ही सगळे बाहेर बाकांवर. दत्ता एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. रजेवरून अण्णांशी सगळ्यात जास्त भांडणारा तोच. सिद्धाराम मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होता. धाकटे मालक तर लहान मुलासारखे अण्णांच्या बायकोचा, पद्माक्कांचा, हात धरून बसले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना साध्या खोलीत आणलं. गुंगी पूर्ण उतरली, तसं पहिलं वाक्य बोलले. "माझा रजेचा अर्ज दिला का? बिनअर्जाचा मी कधी राहिलो नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना कशाचाही त्रास करून घेऊ देऊ नका. म्हणून त्यांच्या सूनबाईंनी, स्वातीनं, मला फोन केला. तिच्याजवळ स्वतःचा टॅब होता. मी तिला सांगत गेले आणि तिनं अण्णांच्या नावानं सिस्टिम उघडून महिन्याभराच्या रजेचा अर्ज भरला. कारण लिहिलं, "हृदयाचे ऑपरेशन." अर्ज गेला. अण्णांना दाखवला, त्यांचं समाधान झालं. स्वाती डबा आणायला घरी गेली. जाताना अण्णांना करमावं म्हणून टॅबवर भजनं लावून दिली.

दुपारी आम्ही ऑफिसात जरा सैलावून बसलो होतो. धाकटे मालक म्हणाले, "मॅडम, अण्णांची रजा माझ्याकडे मंजुरीला आलीच नाही. बघा जरा."

मी सिस्टिम उघडली. सगळे माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. अण्णांच्या अर्जापुढं लाल अक्षरात लिहिलं होतं, नामंजूर.

धाकट्या मालकांचा चेहराच बदलला. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "माणूस मरणाच्या दारातून आलाय. कुणाची छाती झाली ही रजा नाकारायची? नाव काढा."

मी तपशील उघडला. सिस्टिमच्या नियमाप्रमाणे अकाउंट्समधल्या कुणाचीही रजा आधी विभागप्रमुखांकडे जाते. निर्णय घेतला त्याची वेळ होती, स्वाती डबा आणायला गेली होती तेव्हाची. ठिकाण, दवाखाना. खाली विभागप्रमुखांचा शेरा होता. मी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"महिनाअखेर आहे. अर्जदाराने डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही. आणि पूर्वकल्पना दिलेली नाही."